बेटावर मुक्काम कुठे करायचा? फसलेल्या हॉटेल बुकिंगमधून रिसर्च डिझाइन

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे आमच्याकडचं वाक्य तुम्ही कधीतरी ऐकलं असेलच. जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. आमच्या घरात सहलीचे बेत वर्षानुवर्षं याच तत्त्वावर ठरत आले आणि त्यातले बहुतेक परभणीतच संपले.

पप्पा रिटायर झाले तेव्हा मात्र अंदमानला जायचं पक्कं झालं. आत्याला सेल्युलर जेल बघायचा होता, पप्पांना जहाजात बसायचं होतं. आईची मागणी सगळ्यात छोटी होती. तिनं समुद्र एकदाच बघितलेला, मुंबईत टॅक्सीच्या खिडकीतून. ती म्हणाली, “मला समुद्राच्या पाण्यात बसायचंय. गुडघ्यामुळं जास्त चालणं जमायचं नाही, पण बसायचंय.”

हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे आलं. घरात स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करणारी मुलगी असताना दुसरं कोण करणार? मी एक्सेल शीट उघडली. चौसष्ट हॉटेलं, अकरा कॉलम, तीनेकशे रिव्ह्यू. आठ दिवस खपून हॅवलॉक बेटावरचं एक हॉटेल निवडलं. रेटिंग 4.6, खोलीसमोर समुद्र, फोटोत पायरीला लागलेलं निळंशार पाणी.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथं पोचलो. सामान टाकून किनाऱ्यावर आलो तर समोर ओला चिखल, मेलेल्या प्रवाळाचे टोकदार दगड आणि लांबवर पाण्याची एक रेघ. पाचच्या सुमारास सूर्य मावळला. आई चप्पल हातात घेऊन उभी होती. तिनं विचारलं, “पाणी कुठंय गं?”

माझ्या आजवरच्या सगळ्या प्रेझेंटेशन्समध्ये इतका अचूक प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हॉटेलवाल्यांची यात काही चूक नव्हती, चूक माझ्या पद्धतीत होती. पेट किंवा नेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले जे कोणी हे वाचताय, त्यांच्यासाठी ती चूक आज नीट उलगडून ठेवते.

1. प्रश्न आधी, डेटा नंतर

मी शीट उघडली तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न होता, ‘सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. चांगलं कोणासाठी, कशासाठी, किती दिवसांसाठी?

खरा प्रश्न असा हवा होता: ‘गुडघे दुखणारी साठीची बाई दोन दिवसांत, उजेड असताना, फार न चालता सुरक्षितपणे समुद्राच्या पाण्यात कुठे बसू शकेल?’ प्रश्न असा लिहिला की कोणता डेटा लागेल हे आपोआप कळतं. किनारा वाळूचा आहे की दगडांचा, भरती-ओहोटीची वेळ काय, अंधार कधी पडतो. माझ्या अकरा कॉलममध्ये यातलं एकही नव्हतं. वायफाय होतं, नाश्ता होता, स्विमिंग पूल होता, कारण वेबसाइटवर तेच मिळत होतं. जे मिळालं ते मी मोजलं आणि जे मोजलं तेच महत्त्वाचं मानलं.

सिनॉप्सिसमध्येही हेच होतं. ‘परभणी जिल्ह्यातील जमिनीचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. आणि प्रश्न नसला की आपण एसटी जाते त्या रस्त्यावरच्या गावांतून मातीचे नमुने गोळा करून आणतो, कारण तिथं पोचणं सोपं असतं. याला सोयीचं सॅम्पलिंग म्हणतात. ते करायचंच नाही असं नाही, पण मग निष्कर्ष ‘जिल्ह्यातील जमीन’ असा काढायचा नाही.

2. ते 4.6 नेमके कोणाचे?

परत आल्यावर मी तेच रिव्ह्यू पुन्हा वाचले. बहुतेक लिहिणारे स्कूबा डायव्हिंगला आलेले तरुण. ते सकाळी बोटीतून डायव्हिंगला जाणार आणि संध्याकाळी परतणार. खोलीसमोर पाणी आहे की चिखल, याचा त्यांना फरकच पडत नव्हता. त्यांचे 4.6 खरे होते, पण ते आईचे नव्हते.

सरासरी काढताना ती कोणत्या समूहाची आहे हे विसरलं की असंच होतं. एका समूहाचा निष्कर्ष दुसऱ्या समूहाला लावण्याआधी थांबून विचारायचं: हे लोक माझ्या प्रश्नातल्या लोकांसारखे आहेत का?

शिवाय रिव्ह्यू सगळेच लिहीत नाहीत. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग यांनी 2009 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंवर एक लेख लिहिला. त्यांना दिसलं की रेटिंगचा आलेख बहुधा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो: पाच स्टारचा मोठा ढीग, एक स्टारचा छोटा ढीग आणि मधे खड्डा. फार खूश झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो, ‘ठीक होतं’ म्हणणारा गप्प बसतो. फॉर्म भरून घेणारं कोणतंही सर्वेक्षण करणार असाल तर हा गप्प बसणारा माणूस लक्षात ठेवा.

3. पाचपैकी पाच, पण सहाच लोकांचे

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती, तीही सांगते. समजा एका हॉटेलला सहा रिव्ह्यू आणि सरासरी 5.0 आहे. दुसऱ्याला 420 रिव्ह्यू आणि सरासरी 4.5. कोणतं वर ठेवाल?

सहा जणांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून त्यांची सरासरी थोडी सर्वसाधारण सरासरीकडे ओढायची. समजा बेटावरच्या सगळ्या हॉटेलांची सरासरी 4.1 आहे आणि आपण प्रत्येक हॉटेलला त्या दर्जाचे 30 काल्पनिक रिव्ह्यू आधीच देऊन ठेवले. मग पहिल्याचं गणित: (6 × 5.0 + 30 × 4.1) ÷ 36 = 4.25. दुसऱ्याचं: (420 × 4.5 + 30 × 4.1) ÷ 450 = 4.47. क्रम उलटला. याला बेझियन सरासरी म्हणतात. 30 च का? तो आकडा आपण ठरवतो, म्हणून तो बदलून 10 किंवा 50 करून बघायचं आणि निकाल टिकतो का ते तपासायचं.

पण लक्षात घ्या, हे सुंदर गणित चुकीच्या कॉलमवर केलं तर चुकीचं उत्तर जास्त आत्मविश्वासानं मिळतं. माझं तेच झालं.

4. भिंतीवर लटकलेला डेटा

आता पाणी कुठं गेलं ते बघू. समुद्राला साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणून रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, तो भांग. आणि विशेष म्हणजे एखाद्या ठिकाणी पौर्णिमा-अमावास्येची भरती दर वेळी साधारण ठरावीक वेळेलाच येते. पोर्ट ब्लेअरच्या भागात (शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम) ती सकाळी, म्हणजे ओहोटी दुपारनंतर.

उधाणाला तिथं पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. दोन मीटर ऐकायला कमी वाटतात. पण किनाऱ्याचा उतार शंभर मीटरला एक मीटर इतका मंद असेल तर दोन मीटर पाणी उतरताना समुद्र दोनशे मीटर मागे जातो. हॅवलॉकच्या पूर्वेचे गोविंदनगर, विजयनगर हे किनारे असेच उथळ. हॉटेलं मुख्यतः तिकडेच आहेत. पश्चिमेचा राधानगर किनारा मोकळ्या वाळूचा, जेटीपासून साधारण 12 किलोमीटरवर.

त्यात भर सूर्याची. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर ठरलेली आहे. परभणी साधारण 76.8 अंशांवर, पोर्ट ब्लेअर 92.7 वर. फरक 16 अंशांचा, आणि एका अंशाला 4 मिनिटं. म्हणजे घड्याळ एकच, पण तिथं सूर्य आपल्यापेक्षा तासाभरानं पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. दुपारच्या बोटीनं पोचणाऱ्याचा तो दिवस जवळपास संपलेलाच असतो.

आता एकत्र मांडा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. तिच्या दुसऱ्या दिवशी उधाण, चारच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी, पाचला अंधार. हे सगळं महिनाभर आधी सांगता आलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षासाठी आधीच छापतो. आणि पौर्णिमा तर आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होती. आईनं उपवासही धरला होता. तीनेकशे अनोळखी लोकांची मतं मी वाचली आणि भिंतीवरचा डेटा बघितला नाही.

एक गंमत बघा. शेजारच्या नील बेटावर लक्ष्मणपूरजवळ खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथं ओहोटीलाच जाता येतं. भरतीला पोचलात तर फेरी फुकट. म्हणजे तीच ओहोटी एका प्रश्नाला अडचण आणि दुसऱ्याला संधी. डेटा चांगला की वाईट, हे प्रश्न ठरवतो.

5. आधी चाळणी, मग तराजू

मी सगळ्या निकषांना गुण देऊन बेरीज केली होती. त्यात होतं काय, की उत्तम नाश्ता आणि पूल मिळून ‘पाण्यात बसता येत नाही’ ही उणीव भरून काढतात. कागदावर भरते, प्रत्यक्षात नाही. काही अटी तडजोडीच्या नसतातच.

अॅमॉस ट्वर्स्की यांनी 1972 मध्ये मांडलेली एक कल्पना इथं उपयोगी पडते: एकेक निकष घ्या आणि जे त्यात बसत नाहीत ते पर्याय काढून टाका. आमच्यासाठी चाळणीच्या अटी तीन होत्या. वाळूचा किनारा, तळमजल्याची खोली, बजेट. यातून चार-पाचच हॉटेलं उरली असती. मग त्यांच्यात नाश्ता, रेटिंग वगैरे तराजूत घालायचं. शेवटी वजनं थोडी बदलून बघायची. पहिला नंबर तोच राहिला तर निर्णय पक्का, बदलला तर ते पर्याय जवळपास सारखेच आहेत, कोणताही घ्या.

हीच चाळणी मुक्काम वाटतानाही लावता येते. सेल्युलर जेल, विमानतळ आणि मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणून म्हाताऱ्या माणसांसोबत पहिली आणि शेवटची रात्र तिथं. डायव्हिंग हवं तर हॅवलॉक. शांत, छोटं बेट हवं तर नील.

6. थांबायचं कधी?

आठ दिवस शोधून मी काय मिळवलं? पहिल्या दोन दिवसांतली यादी आणि आठव्या दिवशीची यादी जवळपास एकच होती. हर्बर्ट सायमन यांनी सांगून ठेवलंय की माणसानं ‘सर्वोत्तम’च्या मागे न लागता ‘पुरेसं चांगलं’ काय ते आधी ठरवावं आणि ते सापडलं की थांबावं. त्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे निर्णयप्रक्रियेवरचं हेच काम होतं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दोनशेच्या वर पेपर डाउनलोड केले होते. वाचतेय असं वाटायचं, पण थांबायचा नियमच नव्हता, कारण प्रश्नच लिहिलेला नव्हता. गाइडनं विचारलं, “यातून तुला काय शोधायचंय?” तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं नाही. ते वर्ष गेलं ते गेलंच. किनाऱ्यावर आईनं विचारलेला प्रश्न मला इतका लागला तो त्यामुळंच. तीच चूक मी दुसऱ्यांदा केली होती, या वेळी पप्पांच्या पैशांवर.

मग काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी ठरवून राधानगरला गेलो. खोलीचं भाडं एका किनाऱ्याचं, गाडीभाडं दुसऱ्याचं. जीवरक्षकानं दाखवलेल्या पट्ट्यात, गुडघाभरसुद्धा नाही अशा पाण्यात आई साडीसकट बसली. लाट आली की हसायची. तासभर उठलीच नाही. गंगाखेडच्या गोदावरीत बसते तशीच, फक्त इथं पाणी खारट.

आता तुमच्यासाठी काम. सिनॉप्सिसची फाइल बंद करा, कोरा कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. माझा प्रश्न काय, कोणासाठी? त्याचं उत्तर द्यायला कोणती माहिती लागेल, ती सहज मिळणारी असो वा नसो? आणि किती मिळाल्यावर मी थांबेन? या तीन ओळी जमत नसतील तर अजून गुगल स्कॉलर उघडू नका.

आणि अंदमानला जाणार असाल तर बुकिंगआधी कॅलेंडरवर पौर्णिमा कधी आहे तेवढं बघून घ्या.