गिनी पिगची पिल्लं आईपासून कधी वेगळी करायची?

अंधेरी-बोरिवली असो वा मुलुंड-घाटकोपर, फ्लॅटमध्ये कुत्रं सांभाळणं जमत नाही म्हणून मुलांच्या हट्टाखातर गिनी पिगची जोडी घरी येते. काही आठवड्यांतच पिल्लं होतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाला हवीत का?’ अशी विचारणा सुरू होते. या गडबडीत कुणी पिल्लं फार लवकर तोडतं, तर कुणी फार उशिरा. लवकर तोडल्याने पिल्लांच्या जिवावर बेततं, उशीर केल्याने आईच्या. दोन्ही टाळणं आपल्या हातात आहे.

गैरसमज : पिल्लं जन्मताच पळतात, गवत खातात. आठवड्याभरात दिली तरी चालतात.

वस्तुस्थिती : गिनी पिगची पिल्लं अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊनच जन्मतात, हे खरं. एक-दोन दिवसांत ती गवत कुरतडू लागतात. पण दुधाची गरज साधारण तीन आठवडे असते. याच काळात ती आईचं बघून काय खायचं ते शिकतात. तिच्या मऊ लेंड्या खातात, त्यातून पचनाला लागणारे जिवाणू पोटात जातात. जन्मतः ६० ते १०० ग्रॅमचं पिल्लू दूध तोडताना निदान १८० ग्रॅमचं हवं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडगा ठेवून रोज वजन करा आणि वहीत लिहा. पहिल्या एक-दोन दिवसांनंतरही वजन घटत असेल, तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

गैरसमज : कुत्र्या-मांजराच्या पिल्लांसारखं यांनाही दोन महिने आईजवळ ठेवावं.

वस्तुस्थिती : माद्यांना ठेवा, नरांना नाही. नर पिल्लू तीन आठवड्यांतच वयात येऊ शकतं. ते आईभोवती घुर्र आवाज काढत, मागचा भाग डोलवत फिरू लागतं. हा खेळ नव्हे. त्याच्यापासून आई गाभण राहू शकते आणि चार आठवड्यांच्या पुढे बहिणीही. म्हणून जन्मतारीख कॅलेंडरवर लिहा आणि २१व्या दिवशी नर वेगळे करा. एखादा अशक्त असेल, तर वाढीव दिवसांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गैरसमज : वेगळं करायचं म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा.

वस्तुस्थिती : हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा पडला की खंगतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून गिनी पिग एकटा पाळायला कायद्याने बंदी आहे. लेकी आईजवळ जन्मभर राहू शकतात. नर पिल्लांना बापाजवळ किंवा भावाभावांना एकत्र ठेवता येतं. सुरुवातीला लक्ष ठेवा आणि जागा ऐसपैस द्या. नसबंदी केली तरी नराला लगेच माद्यांत सोडू नका, काही आठवडे त्याच्यात प्रजननक्षमता शिल्लक असते.

गैरसमज : बाप घरचाच आहे, बाळंतपणात राहू दे जवळ.

वस्तुस्थिती : व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. बाप जवळ असला, तर पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. त्यात लेकीही गाभण राहिल्या, तर चार महिन्यांत दोनाचे दहा-बारा होतात आणि आईच्या शरीराची पार दैना होते. नराला बाळंतपणाआधीच बाजूला काढा.

गैरसमज : दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून सांगितलंय, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं अवघड असतं आणि चुका सर्रास होतात. शिवाय नर-माद्या एकत्र ठेवलेल्या पिंजऱ्यातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. घरात नर नसतानाही पिल्लं होतात, ती यामुळेच. मादीच्या जननेंद्रियाजवळ इंग्रजी ‘वाय’सारखी खाच दिसते, नराला मधोमध ठिपका. तरीही जाणकार डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मुंबईत १८८६पासून पशुवैद्यक शिकवलं जातंय, पण प्रत्येक डॉक्टरचा हात इतक्या छोट्या प्राण्यांवर बसलेला नसतो. आधी फोन करून विचारा. नेताना उन्हाची वेळ टाळा, उकाडा यांना सोसत नाही.

गैरसमज : पिल्लाला हात लावला की आई त्याला टाकते. मग वरचं दूध पाजावं लागतं.

वस्तुस्थिती : स्वच्छ हातांनी, थोडा वेळ उचललं तर आई पिल्लाला टाकत नाही. तिला दोनच स्तन असतात, तरी तीन-चार पिल्लं आळीपाळीने पितात. गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागू शकते आणि ड्रॉपरने घाईत पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. खाऊ घालायचं ते आईला. माणसाप्रमाणे गिनी पिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी या प्राण्यात स्कर्व्ही दाखवून दिली, ती त्यामुळेच. रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची छोटी फोड द्या. सुकं गवत भरपूर हवं. अंगावर पाजणाऱ्या आईला लसूणघासही चालतो.

गैरसमज : मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत.

वस्तुस्थिती : अशी कोणतीही गरज नसते. उलट, कधीच न व्यायलेल्या मादीच्या ओटीपोटाचा सांधा साधारण सहा ते आठ महिन्यांच्या वयात घट्ट होतो. त्यानंतर पहिल्यांदा गाभण राहिली, तर पिल्लू अडतं आणि आई दगावू शकते. नर-मादी वेळेत ओळखून वेगळे करायचे ते यासाठीही.

पिल्लं दुसऱ्यांना द्यायची असतील, तर तीन आठवडे पूर्ण झाल्यावर, वजन बघून, नर-मादीची खात्री करून आणि एकाच लिंगाची जोडी करूनच द्या. घेणाऱ्याच्या हाती जन्मतारखेची चिठ्ठीही द्या. घेणाऱ्याला एकच पिल्लू हवं असेल आणि घरी दुसरा गिनी पिग नसेल, तर स्पष्ट नाही म्हणा. हे प्राणी आपण हौसेने घरी आणले. त्यांना योग्य वेळी, योग्य सोबत मिळवून देणं ही आपलीच जबाबदारी आहे.