आंबा कोठला? लेबल काय सांगते?

अक्षय्य तृतीया जवळ आली की दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातील मराठी बिऱ्हाडांना हापूसची ओढ लागते. शेजारच्या आय.एन.ए. बाजारात किंवा सुपरमार्केटमध्ये ‘हापूस’ अशी पाटी दिसते. पण फळ कोकणचेच, याची खात्री काय?

कर्नाटकातूनही हापूस जातीचा आंबा येतो. तो हीन नव्हे; मात्र कोकणच्या नावाने विकला गेल्यास ग्राहकाची फसवणूक होते आणि बागायतदाराच्या श्रमाचे मोल दुसऱ्याच्या पदरात पडते. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर येथील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारणासाठी. पेटीवरील मानांकनाचे चिन्ह व बागायतदाराचे नाव अवश्य पाहावे.

मानांकन प्रदेश सांगते, पिकविण्याची पद्धत नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्याविषयी विक्रेत्याला विचारावे. ‘सेंद्रिय’ म्हणविणाऱ्या वेष्टनावर ‘जैविक भारत’ चिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक असावा.

एकट्याचा प्रश्न विक्रेता टाळू शकतो, वसाहतीचा नव्हे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामुदायिक खरेदीतून हेच दाखवून दिले आहे. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.

धनादेशावर सही करण्यापूर्वी आपण तो वाचतो. मग लेबल न वाचता पैसे का मोजावेत?