बेदाणा कां फुगतो?

नाशिक जिल्ह्यांतील ओझर हें गांव बाणगंगेच्या कांठीं वसलेलें असून भोंवतालचा मुलूख द्राक्षमळ्यांचा आहे. द्राक्ष कसें पिकतें हें तेथील मुलास पुस्तकावांचून ठाऊक असतें. तरीहि विज्ञानाच्या तासाला तेंच मूल पुस्तकांतील वाक्य पाठ म्हणून दाखवितें, आणि विषय समजला असें शिक्षकास वाटतें. हा समज खरा कीं खोटा, हें शिक्षकानें स्वतःच्या वर्गांत पडताळून पाहणें व त्याप्रमाणें आपला पाठ सुधारणें, ह्यासच कृतिसंशोधन म्हणतात. कुर्ट लेविन ह्या मानसशास्त्रज्ञानें १९४६ सालीं ही कल्पना मांडली. स्टीफन कोरी ह्यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत ती शाळेच्या कामास लावून दाखविली.

समजा, चौथीच्या वर्गांत शिक्षकानें पाण्यांत भिजविलेला बेदाणा दाखविला. तो कां फुगला? पाणी आंत शिरलें, असें मुलें एका सुरांत सांगतील. पण साखरेच्या दाट पाकांत ठेविला तर? प्रत्येकानें आपला अंदाज आधीं वहींत लिहावा, आणि मग सारखे बेदाणे दोन वाट्यांत रात्रभर ठेवावे. श्रोत्यांच्या घरींहि हें सहज होण्यासारखें आहे. सकाळीं पाण्यांतला बेदाणा टपोरा व पाकांतला बहुतेक तसाच दिसला, कीं खरा प्रश्न जन्मास येतो. सालींतून पाण्याचा ओढा पातळाकडून दाटाकडे असतो; बेदाण्यांतहि साखर दाटच असल्यामुळें पाकांतलें पाणी फारसें आंत जात नाहीं.

मुलांचा शोध येथें संपला, तरी शिक्षकाचा येथूनच सुरू होतो. प्रश्न कोणीं विचारले? मागच्या बाकावरचीं मुलें गप्प कां राहिलीं? मुलांस विचार करूं देण्यापूर्वीं उत्तर आपणच सांगून टाकलें काय? हें टिपून ठेवून पुढच्या पाठांत एकच बदल करावा. उदाहरणार्थ, चौघांचा गट करून प्रत्येक गटास स्वतःच्या वाट्या द्याव्या. फरक पडला कीं नाहीं तें पुन्हां पाहावें, आणि बदल फसला तर तेंहि लिहावें.

मुंबईस १९७४ सालीं स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें प्राथमिक शाळांसाठीं कृतीवर आधारलेलीं पुस्तकें काढिलीं आहेत. परंतु ओझरचें मूल कोठें अडेल, हें उत्तम पुस्तकहि आधीं सांगूं शकत नाहीं. तें त्याच्या शिक्षकासच दिसतें. ओझरास १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाला. विमान तपासल्यावांचून आकाशांत जात नाहीं. पाठ मात्र वर्षानुवर्षें न तपासतां दिला जातो. ज्या शिक्षकास स्वतःच्या पाठाविषयीं शंका येत नाहीं, त्याच्या वर्गांत मुलांच्या शंकाहि फार दिवस जगत नाहींत.