बॅटरी बसली, वॉरंटी कोणाची?
किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक, दिवेही मंद. बहुधा बॅटरी उतरलेली. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे १२.६ दाखवते.

इंजिन सुरू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. तो चढतच नसेल तर संशय बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर. मग नवी बॅटरीही लवकरच मान टाकेल (आणि तिचे बिल मात्र फाटेल).

बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा गाडीची नसते, बॅटरी कंपनीची असते: आधी ठरावीक महिने मोफत बदली, पुढे वापराच्या प्रमाणात फक्त सवलत. रात्रभर दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी सहसा बदलून मिळत नाही, चार्ज करून मिळते. तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या. डीलर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.