एका टाकीत कोण कोणासोबत?



शेततळ्यात मासे सोडणाऱ्या आपल्या बहिणींना एक गोष्ट माहीत आहे. कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तिघांचे ताट वेगळे, म्हणून एका तळ्यात तिघे सुखाने वाढतात. घरातल्या काचेच्या टाकीतही नियम असाच आहे, फक्त जागा लहान असल्यामुळे चूक लवकर महागात पडते.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. पनवेल, कामोठे, खारघरच्या इमारतींत आणि दवाखान्यांत शोभेच्या माशांच्या टाक्या दिसतात. तिथे विकण्यासाठी मासे वाढवायचे, असे आमच्या गटाने ठरवले. सुरुवातीला सहा गोल्डफिश आणि चार टायगर बार्ब एकाच टाकीत ठेवले. पिवळ्यावर काळे पट्टे आणि शेजारी केशरी रंग, टाकी काय सुंदर दिसत होती! चौथ्या दिवशी गोल्डफिशच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या. पाणी बिघडले असेल असे वाटून आम्ही दोनदा सगळे पाणी बदलले. त्याने मासे आणखीच घाबरले. आठवड्यात चार गोल्डफिश मेले. बैठकीत प्रश्न निघाला, "गटाच्या पैशाचे मासे मेले कसे?" दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दोष त्यांचा नव्हता, आमच्यापैकी कोणालाच माशांचे स्वभाव माहीत नव्हते.

तेव्हापासून मासा घेण्याआधी आम्ही चार प्रश्न विचारतो.

पहिला, स्वभाव कसा? टायगर बार्ब चपळ आणि खोडकर असतो. लांब, हलणारी शेपटी दिसली की तो तिला तोंड लावतो. म्हणून गोल्डफिश, एंजल किंवा फायटर त्याच्यासोबत नकोत. त्याच्याच जातीचे आठ-दहा एकत्र ठेवले तर ते आपसात खेळतात आणि दुसऱ्यांना त्रास कमी होतो. फायटरचे दोन नर एका टाकीत कधीच ठेवू नयेत, ते एकमेकांना फाडतात. रंगीत शेपटीचा गप्पी नरही त्याला शत्रू वाटू शकतो. फायटर एकटाच बरा.

दुसरा, मोठा झाल्यावर केवढा? दुकानात सगळेच मासे बोटाएवढे असतात. पण ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. एंजल लहानपणी शांत दिसतो, मोठा झाला की निऑन टेट्रासारखे बारीक मासे खातो. काच साफ करतो म्हणून सकर मासा दिला जातो, तोही फूटभराच्या पुढे वाढतो.

तिसरा, पाणी कसे लागते? गोल्डफिशला थंड पाणी मानवते, बाकीच्या बहुतेक शोभेच्या माशांना 24 ते 28 अंशांचे कोमट पाणी. शिवाय गोल्डफिश खातो खूप आणि घाणही खूप करतो. म्हणून गोल्डफिश गोल्डफिशसोबतच ठेवावा. निऑनला मऊ पाणी लागते. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी चालते. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी जड समजा आणि याच चौघांपासून सुरुवात करा. खाडीकाठच्या गावांत पाणी थोडे मचूळ असले तरी मॉली ते सोसते.

चौथा, राहतो कुठे? गप्पी वरच्या थरात, टेट्रा मध्ये, कोरीडोरास तळाशी. टाकीचे तिन्ही मजले वापरले तर गर्दी आणि मारामारी दोन्ही कमी होतात.

मग बरी जोडी कोणती? नवशिक्या गटाला आम्ही गप्पी आणि प्लॅटी सांगतो. दोन्ही शांत, दोघांचे पाणी सारखे आणि दोघी थेट पिल्ले देतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला पिटाळून दमवतात. पिल्ले जन्मली की वेगळी काढावीत, कारण आईबापच त्यांना खातात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावते. त्यात असे आठ-दहा मासे पुरे. विक्रीसाठी जास्त हवे असतील तर टाक्या वाढवा, एका टाकीत गर्दी करू नका.

जोडी बरोबर असली तरी घाई नडते. नवी टाकी भरून फिल्टर सुरू करा आणि सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडा. त्यांच्या विष्ठेतले विष पचवणारे जिवाणू तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. दर आठवड्याला पाव भागच पाणी बदला. नवा मासा आधी पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे रोग पसरत नाही.

आणि एक विनंती. जमत नाही म्हणून सकर किंवा दुसरा परका मासा गाढी नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका. उजनी जलाशयात सकर माशाने मच्छीमारांच्या जाळ्यांचे नुकसान केले आहे. एका टाकीतली नको असलेली वस्तू दुसऱ्या बहिणीच्या पोटावर येते. तो मासा दुकानदाराला परत करा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या.

ज्या गटांना हे काम वाढवायचे आहे त्यांनी अलिबागला मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटसाठी 3 लाख रुपये खर्च धरला होता आणि महिलांना 60 टक्के अनुदान होते. सध्या काय मिळते ते तिथेच विचारा.

आमच्या त्या दोघी आता पुन्हा बोलतात. गिऱ्हाईक आले की त्याच आधी विचारतात, "ताई, तुमच्या टाकीत आधी कोणते मासे आहेत?" उत्तर ऐकून कधीकधी त्या मासा विकतच नाहीत. ते गिऱ्हाईक मात्र पुन्हा आमच्याकडेच येते.