पाटावरचा पाहुणचार



समजा, रविवारची दुपार आहे. आई-बाबा बाजारात गेले आहेत. घरी तुम्ही आणि आजी, दोघंच. इतक्यात दारात गाडी थांबते. बघता तर काय, नागपूरचे मामा, मामी आणि मामेभावंडं! "आदिलाबादला चाललो होतो. म्हटलं, वाटेत डोकावून जावं!"

आमच्या पांढरकवड्याला असं नेहमीच होतं, बरं का! नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. त्यामुळे न कळवता येणारे पाहुणे आम्हांला काही नवे नाहीत.

तुम्ही पाणी देता. पंखा लावता. पण पुढे काय? घरात बिस्किटाचा पुडा नाही. वेफर्स नाहीत. तुमचा चेहरा उतरतो. "घरात द्यायला काहीच नाही!"

खरंच काही नसतं का हो? आज याच प्रश्नावर बोलू या. आई-बाबांनाही हा लेख वाचून दाखवा.

जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होण्याआधी आम्ही शिक्षक पटनोंदणीसाठी घरोघर जातो. अशीच मी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी गेले. चौथीत जाणारी, हुशार पोर. मला बघून तिला कोण आनंद झाला! तिनं सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या दिला आणि क्षणात दिसेनाशी झाली.

"बसा जी मॅडम. पोरगी आत्ताच येते," आजी म्हणाल्या.

दहा मिनिटांनी ती धापा टाकत आली. हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. आजी हळूच पुटपुटल्या, "पुन्हा उधारी केली वाटते हिनं."

मला कसंसंच झालं. समोरच्या फळीवर पत्र्याचे चार डबे ओळीनं ठेवले होते. मी विचारलं, "आजी, त्या डब्यांत काय आहे हो?"

आजी काही बोलायच्या आतच ती मुलगी म्हणाली, "नका मॅडम! ते घरचंच आहे."

घरचंच आहे! जणू काही तो गुन्हाच होता.

मी हट्टानं डबे उघडायला लावले. एकात खारोड्या, एकात कुरड्या, एकात भुईमुगाच्या शेंगा, एकात गूळ. आजी म्हणाल्या, "हे गरिबाचं खाणं. तुम्हाले कसं चालन?" मी खारोडी आणि शेंगदाणे एकत्र तोंडात टाकले. कुरकुरीत, तिखट, लसणीचा वास! दोन मुठी कधी संपल्या ते मला कळलंच नाही. ती मुलगी मात्र पुडा हातात धरून तशीच उभी होती. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढे शाळा सुरू झाली. एके दिवशी वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी नागपूरला लग्नाला गेलो होतो. तिथे मोठ्या लाकडी फळीवर चीजचे तुकडे, द्राक्षं, बदाम, बिस्किटं असं काय काय मांडलं होतं! खूप भारी दिसत होतं. त्याला काय म्हणतात?"

मुलांनो, त्याला चीज बोर्ड म्हणतात. त्यावर खारवलेल्या मांसाच्या चकत्याही असतील, तर शार्क्युटरी बोर्ड. हा शब्द फ्रेंच भाषेतला आहे. त्याचा मूळ अर्थ आहे 'शिजवलेलं मांस'. पंधराव्या शतकात पॅरिस शहरात असे पदार्थ करून विकणाऱ्या लोकांचा वेगळा धंदाच होता.

आज हे खाणं श्रीमंती थाटाचं वाटतं. पण ते जन्मलं कशातून, माहीत आहे? गरजेतून! युरोपात हिवाळा कडक. बर्फ पडलं की शेतात काही उगवत नाही, जनावरांना चाराही पुरत नाही. मग शेतकरी थंडीच्या तोंडावर डुक्कर कापत. एवढं मांस एका दिवसात थोडंच संपणार? ते मीठ चोळून ठेवत, धुरावर टांगत, थंड हवेत सुकवत. ते पुढे कितीतरी महिने पुरे.

दुधाचंही तसंच. दूध नासतं, पण चीज टिकतं. दूध विरजतात, त्यात रेनेट नावाचा पदार्थ घालून ते घट्ट करतात. पूर्वी हे रेनेट वासराच्या पोटातून काढत. आता सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं शाकाहारी रेनेटही मिळतं. घट्ट झालेल्या दुधाचे तुकडे करून पाणी निथळवायचं, मीठ घालायचं, दाबून ठेवायचं. सुमारे दहा लिटर दुधाचं जेमतेम एक किलो कडक चीज होतं. ते गार जागी महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. फ्रान्समध्ये रोकफोर नावाचं एक गाव आहे. तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज डोंगरातल्या गार गुहांमध्ये मुरतं. त्या गुहांत न मुरलेल्या चीजला रोकफोर हे नाव लावायचं नाही, असा १९२५ सालापासून तिथे कायदाच आहे! आहे की नाही गंमत?

आपल्याकडे अशी थंडी कुठून आणायची? पण आपल्याकडे काय आहे? ऊन! मे महिन्यात पांढरकवड्याला पारा चाळिशीच्या पार पुढे जातो. आपण उन्हाला शिव्या देतो. पण आपल्या आज्या त्याच उन्हाला कामाला लावतात. गच्चीवर, अंगणात, खाटेवर पापड, कुरड्या, खारोड्या, मुगवड्या, सांडगी मिरची वाळत पडते. कैरीच्या फोडी मिठात मुरतात. पावसाळ्यात भाजी महाग झाली की हेच डबे उघडतात.

म्हणजे बघा, त्यांनी थंडी वापरली, आपण ऊन वापरलं. युक्ती एकच. पदार्थातलं पाणी कमी करायचं! नासवणाऱ्या सूक्ष्म जंतूंना जगायला पाणी लागतं. ऊन ते पाणी उडवून लावतं, मीठ ते ओढून घेतं. आंबटपणाही जंतूंना सोसत नाही. म्हणूनच लोणचं वर्षभर टिकतं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि म्हटलं, "येत्या शनिवारी आपण आपला पाट मांडू. आपल्याकडे फळी नसली तरी पाट आहेच की! प्रत्येकानं घरच्या डब्यातला एक टिकाऊ पदार्थ मूठभर आणायचा. विकत आणायचं नाही."

मुलं ओरडू लागली. "मी चिवडा आणतो!" "मी जवसाची चटणी!" मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी सुकट असते. ती आणू का?"

झालं! वर्ग फिदीफिदी हसला. कुणी नाक दाबलं. तो मुलगा खाली मान घालून बसला.

मुलांनो, मी त्या दिवशी रागावले नाही. फक्त विचारलं, "नागपूरच्या त्या फळीबद्दल ऐकून तुम्ही आ वासला होता ना? ज्या पदार्थांवरून तिला शार्क्युटरी बोर्ड म्हणतात, ते कसले असतात?"

"मांसाचे."

"ते कसे टिकवतात?"

"मीठ लावून... सुकवून."

"आणि सुकट?"

वर्ग गप्प झाला. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या आठवडी बाजारापर्यंत ती पोचते, ती सुकवल्यामुळेच! मग मी त्यांना गोव्याची गोष्ट सांगितली. गोव्यात चोरीस नावाचा पदार्थ करतात. पोर्तुगीज लोक १५१० साली गोव्यात आले, त्यांच्याबरोबर ही पद्धत आली. डुकराच्या मांसाला मीठ, लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर लावून ते आतड्याच्या नळीत भरतात, दोऱ्यानं गाठी मारून त्याच्या माळा करतात आणि सुकवतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासळी कमी मिळते, तेव्हा या माळा उपयोगी पडतात. तिकडे कुरड्यांचे डबे नाहीत, माळा आहेत एवढंच!

मी त्या मुलाला म्हटलं, "आण रे. आईला चटणी करून द्यायला सांग. झाकणाच्या डब्यात आण. तिचा पाट वेगळा मांडू."

शनिवारी व्हरांड्यात दोन पाट मांडले. ज्यांना सुकट चालत होती त्यांनी खाल्ली, ज्यांना चालत नव्हती त्यांनी नाही खाल्ली. पण नाक कुणी दाबलं नाही. डबा परत जाताना रिकामा होता.

आणि ती मुलगी? तिनं खारोड्या आणल्या होत्या. आणताना डबा ओढणीखाली झाकून आणला होता, हेही सांगते. पण मूठभर नव्हे, चांगला डबाभर!

आता तुम्हीही असा पाट मांडून बघा. रीत सोपी आहे.

१. पाट स्वच्छ धुऊन पुसून कोरडा करा. त्यावर केळीचं किंवा पळसाचं पान किंवा मोठं ताट ठेवा.

२. आधी वाट्या मांडा. लोणचं, चटणी, दही हे ओले पदार्थ वाटीतच हवेत. नाही तर शेजारची कुरडई मऊ पडेल आणि तिची मजा जाईल.

३. मग मोठे पदार्थ ठेवा, म्हणजे तळलेल्या कुरड्या, पापड, भाकरीचे किंवा पोळीचे त्रिकोणी तुकडे. तळण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

४. उरलेल्या जागा फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, गुळाचे खडे यांनी भरा. मोकळी जागा राहिली नाही, की पाट कसा भरलेला दिसतो!

५. एक सूत्र लक्षात ठेवा. खारट, आंबट, गोड, तिखट, कुरकुरीत, मऊ, प्रत्येकातलं एक तरी असावं. तिखटाशेजारी गोड ठेवा. खारट चीजशेजारी द्राक्षं ठेवतात ती याचसाठी. आपल्याकडे तिखट चटणीशेजारी दही आणि गूळ. फळ ऋतूप्रमाणे घ्या. थंडीत बोरं, पेरू, संत्री. उन्हाळ्यात आंबा.

६. घरात चीज असेल तर तेही ठेवा, त्याचं काही वावडं नाही. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा, म्हणजे चव उलगडते. कडक असेल तर पातळ चकत्या करा. घरचं पनीर असेल तर त्याचे चौकोनी तुकडे करून वर मीठ, जिरेपूड भुरभुरवा.

७. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा. खाण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे.

८. पाहुण्यांना आधी विचारा, "उपास आहे का? शेंगदाणे चालतात का? मांसाहार करता का?" काहींना शेंगदाण्यानं त्रास होतो, आणि तो त्रास जिवावरही बेतू शकतो. मांस-मासळीचं ताट, वाट्या, चमचे नेहमी वेगळे ठेवा.

९. दही, चीज, कापलेली फळं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच उचला.

आणि हो, एक छोटासा प्रयोगही करा. काकडीच्या दोन चकत्या घ्या. एकीवर चिमूटभर मीठ घाला, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासानं बघा. मिठाच्या चकतीला पाणी सुटलेलं दिसेल आणि ती लुळी पडलेली असेल. आजीच्या लोणच्याचं आणि रोकफोरच्या चीजचं निम्मं गुपित तुमच्या बशीत असेल!

पालकांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. "काय बाई, आमच्याकडे काहीच नाही तुम्हांला द्यायला," असं आपण पाहुण्यांसमोर सहज म्हणतो. आपण ते नम्रपणे म्हणतो, पण शेजारी उभं असलेलं मूल ते खरंच मानतं. मग ते दुकानाकडे धावतं. यापुढे मुलांना फळीवरचे डबे दाखवा. कुठला पदार्थ कुणी, कधी, कसा केला ते सांगा. कुरड्यांसाठी गहू किती दिवस भिजवावे लागतात, हे किती मुलांना माहीत असतं?

परवा मी पुन्हा त्या मुलीच्या घरी गेले होते. या वेळी ती दुकानात गेली नाही. फळीवरचा डबा काढला, ताटलीत खारोड्या, शेंगदाणे आणि गुळाचा खडा मांडला आणि ताटली माझ्यासमोर सरकवली. म्हणाली, "मॅडम, या खारोड्या मी थापल्या आहेत. थोड्या वाकड्या झाल्या."

वाकड्या होत्या खऱ्या. मीठही जरा जास्तच पडलं होतं. मी सगळ्या संपवल्या!

तर मुलांनो, उठा आणि आधी तुमच्या घरातले डबे उघडून बघा. काय काय सापडतं त्याची यादी करा. पुढच्या वेळी दारात गाडी थांबली, तर तुमच्या पाटावर काय काय असेल बरं?