यंत्र खाते किती?

"याची जरा झेरॉक्स काढून आणा." कोणत्याही ऑफिसात गेले की हे वाक्य ऐकू येते. सात-बारा असो, आधार असो, की बँकेचे पासबुक असो. नक्कल लागतेच.

ही नक्कल काढायची युक्ती कोणी शोधली? अमेरिकेत चेस्टर कार्लसन नावाचा एक माणूस होता. त्याच्या नोकरीत कागदांच्या नकला फार लागत. हाताने उतरून काढायच्या तर हात दुखून येई. तो विचार करू लागला. 1938 साली त्याने ओल्या शाईवाचून, नुसत्या कोरड्या पुडीने नक्कल काढून दाखवली.

आज एकच यंत्र तीन कामे करते. ते छापते. ते नक्कल काढते. आणि कागदाचे चित्र घेऊन कॉम्प्युटरात पाठवते. याला स्कॅन करणे म्हणतात.

एका गावच्या दूध संस्थेने असे यंत्र घ्यायचे ठरवले. मीटिंग बसली. सचिव म्हणाले, "सहा हजारांत मिळते. घेऊन टाकू."

कोपऱ्यात एक वयस्कर सभासद बसले होते. सारे त्यांना आबा म्हणत. ते म्हणाले, "सचिवसाहेब, म्हैस घेताना आपण नुसती किंमत बघतो का? ती खाते किती, हेही विचारतो ना? मग हे यंत्र खाते किती?"

सगळे हसले. पण आबांचे बोलणे खरे होते. यंत्र एकदाच घ्यायचे असते. शाई मात्र पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

हिशेब असा करा

शाईच्या डबीची किंमत घ्या. त्या डबीत किती पाने निघतात ते विचारा. किमतीला पानांनी भागा. एका पानाचा खर्च निघेल.

समजा, एक यंत्र 6,000 रुपयांचे आहे. त्याची डबी 800 रुपयांची. पाने निघतात 200. म्हणजे एका पानाला 4 रुपये पडले.

दुसरे यंत्र 16,000 रुपयांचे आहे. त्याची डबी 2,000 रुपयांची. पाने निघतात 2,000. म्हणजे पानाला 1 रुपया.

संस्थेला महिन्याला 600 पाने लागतात. पहिल्या यंत्राला महिना 2,400 रुपये लागतील. दुसऱ्याला 600 रुपये. महिन्याला 1,800 रुपये वाचले! वरचे 10,000 रुपये सहा महिन्यांच्या आत वसूल झाले.

हे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. खरे आकडे दुकानात विचारा. आणि ध्यानात ठेवा, डबीवर लिहिलेली पाने थोडा मजकूर धरून सांगितलेली असतात. गच्च भरलेले पान जास्त शाई खाते. नव्या यंत्रासोबत आलेली डबीही पुष्कळदा पूर्ण भरलेली नसते.

ओली शाई की कोरडी पुडी?

एका जातीच्या यंत्रात ओली शाई असते. रंगीत चित्रे छान येतात. शाईची टाकी असलेल्या यंत्रात पानाचा खर्चही कमी येतो. पण यंत्र बरेच दिवस बंद राहिले तर शाई वाळते आणि बारीक छिद्रे बुजतात. छापलेल्या पानावर पाणी पडले तर अक्षर फुटू शकते.

दुसरी जात लेझरची. तिच्यात कोरडी पुडी असते. यंत्र ती पुडी उष्णतेने कागदावर पक्की बसवते. महिनाभर बंद ठेवली तरी पुडी वाळत नाही. मात्र गरम होताना हे यंत्र वीज फार ओढते. लहान इन्व्हर्टरवर ते चालवू नका.

काळी अक्षरेच छापायची असतील तर लेझर बरे. रंगीत काम रोजचे असेल तर टाकीचे यंत्र बरे.

दुकानात जाताना

आपले कागद बरोबर न्या. एखादा फिकट सात-बारा न्या. एखादा लांब कागद न्या. पुष्कळ लहान यंत्रांची काच आखूड असते. तिच्यावर लांब कागद पुरा मावत नाही. दुकानातच नक्कल काढून पाहा.

आणखी तीन गोष्टी विचारा. शाई तालुक्याला मिळते का? दुरुस्तीला माणूस गावात येतो का? कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापते का? दोन्ही बाजूंना छापले तर कागद निम्मा लागतो.

तीन दुकानांचे लेखी दर मागवा. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवा. ठराव करा. पक्के बिल घ्या.

यंत्र आले की कागद कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात दमट कागद यंत्रात अडकतो. नक्कल काढल्यावर झाकण उघडून पाहा. कोणाचा तरी मूळ कागद काचेवरच राहिलेला असतो. बिघडलेल्या नकला फाडून टाका. त्यांवर लोकांचे आधार आणि खात्याचे नंबर असतात.

संस्थेचा पैसा म्हणजे सभासदांच्या दुधाचा पैसा. तो खर्च करण्याआधी आबांचा प्रश्न विचारा, "यंत्र खाते किती?"